विश्लेषण : इलेक्ट्रिक कार आपली, दुरुस्तीचा हक्क कुणाचा?

मोठ्या बॅटरीला हात लावणे धोक्याचे आहे, हे खरे. पण गाडीत बिघाड काय झाला आहे, हे वाचण्यात कसला धोका? मालक आणि गावातला मेकॅनिक यांच्यासाठी इलेक्ट्रिक कारची माहिती खुली करण्याचा निर्णय आत्ताच का घ्यायला हवा, याविषयी...

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर नांदगाव पेठ लागते. एमआयडीसीतले कापड कारखाने, १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प, टोलनाका आणि महामार्गावरची अखंड वाहतूक ही या गावाची आजची ओळख. हा भाग यंत्रांना घाबरणारा नाही. ट्रॅक्टर, जिनिंगचे यंत्र, विहिरीवरची मोटर, ट्रकचे इंजिन हे सारे वऱ्हाडात उघडले जाते, दुरुस्त होते आणि पुन्हा कामाला लागते.

आता एक प्रसंग कल्पून पाहा. मे महिन्यातली दुपार आहे. नागपूरहून आलेली इलेक्ट्रिक कार चहासाठी महामार्गालगत थांबते. पंधरा मिनिटांनी मालक बटण दाबतो, पण गाडी ‘रेडी’ होत नाही. थांबण्यापूर्वी बॅटरीत ७० टक्के चार्ज दिसत होता. आता स्क्रीनच काळी. जवळच्या गॅरेजमधला मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो, आतल्या जाडजूड नारिंगी केबल पाहतो आणि हात मागे घेतो. ‘साहेब, हे आपल्याच्यानं नाही होत. कंपनीले फोन लावा.’

फोन लागतो. गाडी उचलून न्यायला फ्लॅटबेड ट्रक यायला हवा, कारण इलेक्ट्रिक कार चालकचाके जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. धक्का मारून सुरू करण्याचा जुना उपाय इथे चालत नाही. दिवस गेला, पैसे गेले. आणि शेवटी बिघाड निघतो तो काही हजार रुपयांच्या, कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी बिघाड काल्पनिक नाही. १२ व्होल्टची बॅटरी बसल्याने गाडी बंद पडणे हा इलेक्ट्रिक कारमधला नेहमीचा प्रकार आहे. मिस्त्रीला बॅटरी बदलता येत नव्हती असे नाही. बिघाड तिथेच आहे, हे त्याला कळण्याची सोय नव्हती.

१२ व्होल्टची बॅटरी गाडी कशी अडवते?

बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, गाडीच्या तळाशी बसवलेली, साधारण तीनशे ते चारशे व्होल्टची. ती मोटर चालवते. दुसरी छोटी, १२ व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तशीच. दारांची कुलपे, दिवे, स्क्रीन आणि गाडीतले छोटे संगणक तिच्यावर चालतात.

मोठ्या बॅटरीची वीज बाहेर सोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, हेही याच छोट्या बॅटरीच्या जोरावर बंद-चालू होतात. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच समजेल. स्टार्टरच्या कॉइलला वीज मिळाली नाही तर तिन्ही फेज हजर असूनही मोटर फिरत नाही. कारचेही तसेच. छोटी बॅटरी बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निपचित पडते.

उष्णतेने लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य घटते. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. म्हणजे हा बिघाड आपल्याकडे अधिक संभवतो.

मालक काय करू शकतो आणि काय नाही?

इलेक्ट्रिक कारच्या कामांचे तीन गट पाडले तर गोंधळ बराच कमी होतो.

पहिला गट साध्या कामांचा. टायर, वायपर, केबिनचा एअर फिल्टर, दिवे, फ्यूज, १२ व्होल्टची बॅटरी ही कामे मालक मॅन्युअल वाचून स्वतः करू शकतो किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेऊ शकतो. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांचे काम कुशल मेकॅनिकचे; पण त्यातही पेट्रोल गाडीहून फार वेगळे असे काही नाही.

दुसरा गट वाचण्याच्या कामांचा. गाडीने कोणता बिघाड नोंदवला आहे, मोठ्या बॅटरीची क्षमता किती उरली आहे, तिच्यातल्या सेलच्या गटांचे व्होल्टेज सारखे आहे की एखादा गट मागे पडला आहे, चार्जिंग मध्येच का तुटते. यासाठी पाना लागत नाही. गाडीच्या संगणकाशी बोलणारे स्कॅनर लागते.

तिसरा गट उघडण्याच्या कामांचा. बॅटरी पॅक, इन्व्हर्टर, मोटर, गाडीतला चार्जर आणि त्यांना जोडणाऱ्या नारिंगी केबल. हे काम प्रशिक्षण, योग्य हातमोजे आणि योग्य मीटर यांच्याशिवाय कुणीही करू नये. घरी तर अजिबातच नाही.

या वादात दुसरा आणि तिसरा गट एकत्र बांधला जातो, आणि घोळ तिथून सुरू होतो. तिसऱ्या गटाचा धोका दाखवून दुसऱ्या गटाला कुलूप लावले जाते. कधी कधी पहिल्या गटालाही.

कुलूप नेमके कुठे आहे?

पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खाली एक १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात स्वस्तातले स्कॅनर लावले तरी इंजिनाचे मूलभूत बिघाड-कोड वाचता येतात. ही सोय कंपन्यांच्या औदार्यातून आलेली नाही. धुरातून होणाऱ्या प्रदूषणावर लक्ष ठेवता यावे म्हणून नियमांनीच ती घालून दिली. कोड समान, सॉकेट समान, म्हणून गावातले गॅरेजही टिकले.

इलेक्ट्रिक कारला धुराडेच नाही. त्यामुळे धुरासाठी केलेल्या नियमांतून जो खुलेपणा मिळत होता, तो इथे आपोआप लागू होत नाही. सॉकेट असले तरी बॅटरीबद्दलची माहिती कंपनीच्या स्वतःच्या भाषेत असते आणि ती समजणारे स्कॅनर अधिकृत वर्कशॉपपुरते राहू शकते.

दुसरे कुलूप सुट्या भागांचे. नवा भाग बसवल्यावर ‘हा भाग आता या गाडीचा’ अशी नोंद सॉफ्टवेअरमधून करावी लागते. नोंद झाली नाही तर अस्सल भागही चालत नाही. काही गाड्यांत तर मागचे ब्रेक पॅड बदलण्याआधी इलेक्ट्रिक हँडब्रेक स्कॅनरने ‘सर्व्हिस मोड’मध्ये न्यावा लागतो. काम जुनेच, पण त्याच्या दाराशी आता पासवर्ड उभा आहे.

तिसरे कुलूप कागदाचे. वायरिंगचा नकाशा, दुरुस्तीचे मॅन्युअल, भागांची यादी हे मालकाला मिळत नाही. गाडीबरोबर येणारे पुस्तक स्क्रीनची भाषा कशी बदलायची ते सांगते. फ्यूजपलीकडे गेलात की ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा’.

‘हात लावू नका’ यात तथ्य किती?

तथ्य आहे, आणि ते कमी लेखून चालणार नाही. साठ व्होल्टच्या वरचा डीसी प्रवाह वाहनांच्या सुरक्षा नियमांत धोकादायक मानला जातो. इथे तर तीनशे-चारशे व्होल्ट आहेत. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो, डीसीचा येत नाही. त्यामुळे डीसीची ठिणगी पेटली की सहज विझत नाही. मेनस्विच बंद करून घरातली वीज तोडता येते. बॅटरी पॅकच्या आतली वीज कोणत्याही स्विचने संपत नाही. पॅक वेगळा केला तरी इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. म्हणून प्रशिक्षित तंत्रज्ञसुद्धा सर्व्हिस डिस्कनेक्ट काढल्यावर ठरलेली मिनिटे थांबतो, हजार व्होल्टपर्यंतचे रबरी हातमोजे घालतो आणि मीटरने शून्य व्होल्टेज पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

पण याच वऱ्हाडात ४१५ व्होल्टच्या तीन फेजवर शेतपंप चालतात. मोटर जळली की वायंडिंगवाला ती उघडतो, तार भरतो, परत देतो. आपण त्याला बंदी घातलेली नाही. विजेची कामे करणाऱ्यासाठी वायरमनचा परवाना आहे, आयटीआयचे शिक्षण आहे. धोका ओळखून आपण शिक्षण आणि परवान्याची व्यवस्था उभी केली. वीज कंपनीशिवाय कुणीही मीटरच्या पुढे हात लावू नये, असा नियम केला नाही.

ई-रिक्षांनी याची दुसरी बाजू दाखवली. तिथे दुरुस्ती पूर्णपणे मोकळी. कोणीही काहीही बदलावे, लेड-ॲसिडच्या जागी कुठलाही लिथियम पॅक बसवावा. असा मोकळेपणा प्रशिक्षणाशिवाय आला की आगीचा धोका वाढतो. पण कंपनीबंद गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हेही खरे नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. त्यांतल्या अनेक नव्या होत्या. त्यानंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेची मानके कडक केली आणि ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. गाडी कुणी उघडली यापेक्षा बॅटरी कशी बनली, तिच्यावर लक्ष कसे ठेवले जाते आणि इशारा कुणाला दिसतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते. सेलचा एखादा गट बिघडत चालला आहे हे मालकाला आधी कळले, तर सुरक्षितता वाढेल, घटणार नाही.

भारतात हा वाद नवा आहे का?

नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने कार कंपन्यांच्या सुट्या भागांच्या व्यवहाराची चौकशी सुरू केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि डायग्नोस्टिक साधने केवळ अधिकृत विक्रेत्यांपुरती ठेवून या कंपन्यांनी स्वतंत्र गॅरेजवाल्यांची वाट अडवली आणि ग्राहकाला बांधून ठेवले, असा निष्कर्ष आयोगाने काढला. भाग आणि साधने खुल्या बाजारात उपलब्ध करा, असेही बजावले.

ह्युंदाई, प्रीमियर आणि रेवा यांच्याबाबतचा आदेश पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये आला. त्यात ह्युंदाईला सुमारे ४२० कोटींचा दंड झाला. पण आपल्या विषयासाठी लक्षात ठेवायचे नाव रेवाचे. २००१ मध्ये बंगळुरूहून बाजारात आलेली ही छोटी गाडी म्हणजे भारतातल्या रस्त्यांवरची सुरुवातीची इलेक्ट्रिक कार. म्हणजे इलेक्ट्रिक कारचे भाग आणि दुरुस्तीची माहिती कुणाच्या हाती, हा प्रश्न आजच्या गाड्या येण्यापूर्वीच या देशात अधिकृतपणे विचारला गेला होता.

२०१४ च्या आदेशातला एक मुद्दा प्रत्येक कारमालकाने पाठ करावा असा आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, अशी भूमिका आयोगाने घेतली. वायपर बाहेर बदलला म्हणून बॅटरीची वॉरंटी जाऊ नये, इतके सरळ तत्त्व.

पुढे दंडाचा वाद अपिलात आणि न्यायालयांत गेला, वर्षे सरली. दरम्यान गाड्या बदलल्या. आदेश सुट्या भागांच्या आणि स्कॅनरच्या काळातला होता. आजचे कुलूप सॉफ्टवेअरमध्ये आहे.

‘राइट टू रिपेअर’चे पुढे काय झाले?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. कंपन्यांची सेवा केंद्रे, मॅन्युअल, वॉरंटीची माहिती एका जागी मिळावी, हा त्याचा हेतू.

त्यानंतर दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती झाली. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे, याचे गुण खरेदीच्या वेळीच ग्राहकाला दिसावेत, अशी ही कल्पना. ती चांगली आहे; पण तिचा भर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आहे. वीस हजारांच्या फोनला गुण मिळणार आणि पंधरा लाखांच्या कारला नाही, हे उलटे वाटते.

दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा अजून आलेला नाही. पोर्टलवर माहिती टाकणे आणि ती देणे बंधनकारक असणे, यांत मोठे अंतर आहे.

बाहेरच्या देशांनी काय केले?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्येच वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला. पुढे गाड्या सॉकेटऐवजी मोबाइल नेटवर्कवरून थेट कंपनीला माहिती पाठवू लागल्या. तेव्हा २०२० मध्ये पुन्हा जनमत घेतले गेले. या वायरलेस माहितीवरही मालकाचा आणि त्याच्या गॅरेजचा हक्क असावा, असे चारपैकी सुमारे तीन मतदारांनी सांगितले. कार कंपन्या लगेच न्यायालयात गेल्या. पण लोकांचे मत नोंदले गेले.

युरोपीय महासंघात स्वतंत्र गॅरेजना वाजवी शुल्कात दुरुस्तीची माहिती देणे कार कंपन्यांवर बंधनकारक आहे. चोरी रोखण्याशी संबंधित नाजूक माहितीसाठी मेकॅनिकची आधी पडताळणी होते, मग त्याला प्रवेश मिळतो. ‘माहिती खुली केली तर चोर शिरतील’ या आक्षेपाला तिथे असे उत्तर शोधले गेले. २०२३ च्या बॅटरी नियमावलीने आणखी एक पाऊल टाकले. इलेक्ट्रिक वाहनाच्या बॅटरीची तब्येत दाखवणारी माहिती मालकाला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला वाचता आली पाहिजे, अशी तरतूद ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. फक्त वाचता, बदलता नाही. आपल्या दुसऱ्या गटाच्या कामांचा हाच गाभा आहे.

न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या निस्सान लीफ गाड्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. तिथला खरेदीदार सॉकेटमध्ये छोटे ब्लूटूथ उपकरण लावतो आणि मोबाइल ॲपवर बॅटरीची उरलेली क्षमता पाहूनच भाव करतो. बैलबाजारात दात पाहिल्याशिवाय बैल घेत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

आणि ज्यांना हा प्रश्न कारवाल्यांचा वाटतो, त्यांनी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांकडे पाहावे. ट्रॅक्टरचे सॉफ्टवेअर बंद ठेवून दुरुस्ती विक्रेत्यांच्या ताब्यात ठेवल्याच्या आरोपावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअर कंपनीवर दावा दाखल केला. आज कारमध्ये असलेले कुलूप उद्या आपल्या ट्रॅक्टरमध्ये येणार नाही, याची हमी कोण देणार?

२०२८ हे वर्ष का महत्त्वाचे?

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर, वॉरंटी होती. म्हणजे पहिल्या गाड्यांची वॉरंटी २०२८ पासून संपू लागेल. ज्या टॅक्सी म्हणून जास्त धावल्या त्यांची त्याआधीच. त्यानंतर दरवर्षी हा आकडा वाढत जाईल, आणि त्यात सर्वच कंपन्यांच्या गाड्या असतील.

वॉरंटी असेपर्यंत बंद कुलूप फारसे टोचत नाही, कारण खर्च कंपनीचा असतो. ती संपली की टोचते. आणि त्या वेळी गाडी बहुधा पहिल्या मालकाकडे नसते. पुण्या-नागपुरात पाच-सात वर्षे वापरलेली गाडी तालुक्याच्या गावात दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे येते. काही कंपन्या आता बॅटरीला ‘आजीवन’ वॉरंटी जाहीर करतात. पण ती बहुधा पहिल्या मालकापुरती असते. दुरुस्तीचे ओझे शेवटी त्याच्यावर पडते, ज्याच्याकडे पैसा कमी आणि सेवा केंद्र दूर.

बॅटरी पॅक म्हणजे अनेक सेल आणि त्यांचे गट. एखादा गट कमजोर झाला तर तो साऱ्या पॅकला मागे खेचतो. तो गट ओळखता आला आणि बदलता आला, तर गाडी पुढे अनेक वर्षे चालू शकते. ओळखताच आला नाही, तर एकच सल्ला मिळतो : पूर्ण पॅक बदला. आणि पॅक हा गाडीतला सर्वांत महागडा भाग. जुन्या गाडीच्या किमतीशी त्याचा खर्च ताडून पाहिला की मालक गाडी भंगारात काढतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण दुरुस्त होऊ शकणारी बॅटरी कचऱ्यात जाऊच नये, हा पहिला विचार असायला हवा.

मग सरकारने काय करावे?

इलेक्ट्रिक वाहनांवर जीएसटी फक्त ५ टक्के आहे. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय उभारण्याचे उद्दिष्ट आहे. हे योग्यच आहे. पण ही सवलत जनतेच्या पैशातून येते. तेव्हा सवलतीसोबत अट घालण्याचा अधिकारही जनतेला आहे.

पहिली अट, वाचनाचा हक्क. बिघाडाचे कोड, बॅटरीची उरलेली क्षमता आणि सेल-गटांचे व्होल्टेज हे साध्या स्कॅनरने किंवा गाडीच्या स्क्रीनवर विनाशुल्क दिसले पाहिजे. यात गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदलता येत नाही, त्यामुळे सुरक्षेचा आक्षेप लागू पडत नाही.

दुसरी अट, माहितीचा हक्क. दुरुस्तीचे मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा माफक शुल्कात कोणालाही मिळावा, आणि धोक्याच्या सूचना तरी मराठी-हिंदीत असाव्यात. ज्या मिस्त्रीला धोका कळावा असे आपण म्हणतो, त्याला तो इंग्रजी पीडीएफमधून, तोही कुलूपबंद, कसा कळणार?

तिसरी अट, भागांचा हक्क. मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षे भाग मिळतील, हे विक्रीच्या वेळीच जाहीर व्हावे. भाग गाडीशी जोडण्याची सॉफ्टवेअर नोंद मान्यताप्राप्त बाहेरच्या गॅरेजलाही करता यावी.

चौथी गोष्ट सरकारने स्वतः करायची. वायरमनच्या परवान्यासारखा हाय-व्होल्टेज वाहन मेकॅनिकचा परवाना आणावा. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा अभ्यासक्रम आहेच. पण पंधरा-वीस वर्षे गॅरेज चालवणारा माणूस दोन वर्षे वर्गात बसणार नाही. त्याच्यासाठी काही आठवड्यांचे संध्याकाळचे प्रशिक्षण, परीक्षा आणि परवाना अशी सोय हवी. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत आणि तिथल्या नियोजित पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कमुळे तंत्रज्ञांची गरज वाढणारच आहे. इलेक्ट्रिक वाहनांचे प्रशिक्षण अशाच ठिकाणी, महामार्गाला लागून सुरू करणे अवघड नाही.

कंपन्यांचे म्हणणे ऐकायलाच हवे. सॉफ्टवेअर त्यांची मालमत्ता आहे. चुकीच्या दुरुस्तीने अपघात झाला तर बोट त्यांच्याकडे दाखवले जाते. हॅकिंगची भीती खरी आहे. पण या साऱ्या आक्षेपांचा रोख सॉफ्टवेअर बदलण्यावर आणि पॅक उघडण्यावर आहे. तिथे परवाना, पडताळणी आणि कामाची नोंद ठेवा. वाचण्यावर यातला एकही आक्षेप टिकत नाही.

तोवर मालकाने काय करावे?

खरेदीपूर्वी चार प्रश्न लेखी विचारा. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का? पॅकमधला एखादा गट बदलून मिळतो की पूर्ण पॅकच बदलतात? हाय-व्होल्टेजचे काम अमरावती-अकोल्यात होते की गाडी नागपूरला न्यावी लागते? बॅटरीच्या क्षमतेचा अहवाल सर्व्हिसच्या वेळी कागदावर मिळतो का? जुनी गाडी घेताना हा अहवाल पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

उन्हाळा लागण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या. तिची जागा, फ्यूजची जागा आणि गाडी टो करण्याची सूचना मॅन्युअलमधून वाचून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. घरच्या चार्जिंग पॉइंटचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासा. नारिंगी केबल, बॅटरी पॅक आणि ‘हाय व्होल्टेज’चे चिन्ह असलेले कोणतेही झाकण यांना हात लावू नका. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली किंवा तळाला मार बसलेली गाडी स्वतः सुरू करून पाहू नका. सर्व्हिसची सगळी बिले जपा.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३ वर मदत मिळते. बाहेर काम केले एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारली, तर नकार लेखी मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा चेन्नईत, नांदगाव पेठच्या ग्राहकाला अमरावतीतच दाद मागता येईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी टॅक्सी चालवणाराही या कायद्यात ग्राहक ठरू शकतो.

सुरुवातीच्या प्रसंगातल्या मिस्त्रीने हात मागे घेतला, ते बरोबरच केले. माहिती नसताना नारिंगी केबलला हात न लावणे हाच शहाणपणा. पण स्कॅनर लावून ‘१२ व्होल्टची बॅटरी कमी’ एवढी एक ओळ त्याला वाचता आली असती, तर अर्ध्या तासात गाडी अकोल्याच्या वाटेला लागली असती. ती ओळ गाडीला माहीत असते, कंपनीला माहीत असू शकते. पैसे मोजलेल्या मालकाला ती दिसण्यासाठी २०२८ ची वाट पाहण्याचे कारण नाही.